केव्ह डायव्हिंगची स्कूटर: विमानातून न्यायची की तिथेच भाड्याने घ्यायची?

केव्ह डायव्हिंग म्हणजे पाण्याने भरलेल्या गुहांतले डायव्हिंग, आणि त्यातली स्कूटर म्हणजे डायव्हरला पाण्याखाली ओढत नेणारे, बॅटरीवरचे पंख्याचे यंत्र. निर्णय स्कूटरच्या किमतीवर नव्हे, बॅटरीवर ठरतो. लिथियम बॅटरी 100 वॉट-अवरपर्यंत (वॉट-अवर हे साठवलेल्या ऊर्जेचे माप) असेल तर हातातल्या सामानात चालते. 100 ते 160 मध्ये असेल तर विमान कंपनीची परवानगी लागते आणि सुट्या बॅटऱ्या जास्तीत जास्त दोनच नेता येतात. 160 च्या पुढची बॅटरी प्रवासी सामानात अजिबात नेता येत नाही. गुहेतल्या लांब पल्ल्यासाठी बनवलेल्या मोठ्या स्कूटरची बॅटरी ही मर्यादा कधीच ओलांडून गेलेली असते, त्यामुळे तिच्या बाबतीत घासाघीस करण्यात अर्थ नाही.

खरा पेच आहे तो ड्रिल मशीनच्या बॅटरीवर चालणाऱ्या ब्लॅकटिपसारख्या स्कूटरचा. व्होल्टला अँपिअर-अवरने गुणा: 18 व्होल्ट, 5 अँपिअर-अवर म्हणजे 90 वॉट-अवर, बिनघोर न्या. तीच 9 ची घेतलीत की 162, म्हणजे दोन वॉट-अवरसाठी विमानतळावर अडकलात. छोट्या बॅटऱ्यांवर पल्ला कमी मिळतो. अमेरिकेत मात्र स्कूटरचा सांगाडा सोबत नेऊन मोठ्या बॅटऱ्या तिथल्या हार्डवेअरच्या दुकानातून घेता येतात. वारंवार जाणाऱ्याला मला हाच मार्ग सर्वांत शहाणपणाचा वाटतो.

भाड्याच्या स्कूटरचा एक फायदा फारसा कोणी मोजत नाही. ती तिथल्या गोड्या पाण्यासाठी आधीच तोलून ठेवलेली असते. समुद्रात न बुडणारी, न तरंगणारी तुमची स्कूटर गोड्या पाण्यात खाली ओढते. 25 लिटर आकारमानाला साधारण 600 ग्रॅमचा फरक पडतो, आणि तळाच्या गाळावर तो लगेच दिसतो.

तोटा एकच, पण गंभीर: बॅटरीची तब्येत परक्याच्या शब्दावर मानावी लागते. म्हणून दुकानात आधी विचारा, पूर्ण चार्जवर शेवटची बर्न टेस्ट (बॅटरी संपेपर्यंत चालवून वेळ मोजण्याची चाचणी) कधी झाली आणि किती मिनिटे चालली? मोघम उत्तर आले तर ती स्कूटर घेऊ नका. मिळालेल्या वेळेचा एक तृतीयांश जाण्यासाठी, एक येण्यासाठी आणि उरलेला साथीदाराला ओढून आणण्यासाठी धरा. शिवाय, सर्वांत दूरच्या बिंदूवर स्कूटर बंद पडली तर पोहत बाहेर येण्याइतका श्वासाचा गॅस टाकीत हवाच.

इथे जागेचाही विचार करावा लागतो. फ्लोरिडातल्या जिनी स्प्रिंग्ज या झऱ्याच्या गुहांमध्ये पाण्याचा जोर बाहेरच्या दिशेने असतो, त्यामुळे आत जाताना स्कूटरचा उपयोग खूप आणि ती बंद पडली तरी प्रवाह परतायला मदत करतो. मेक्सिकोतल्या तुलुमजवळच्या गुहांत प्रवाह मंद, अंतरे लांब आणि छताला हजारो वर्षांचे नाजूक लवणस्तंभ. तिथे स्कूटर बंद पडली तर परतीचा सगळा भार पायांवर येतो, आणि पंख्याचा चुकीचा झोत गाळ उठवतो. म्हणून मेक्सिकोत पहिल्यांदा जात असाल तर स्थानिक गाइडकडूनच, त्याच्या ओळखीची स्कूटर भाड्याने घ्या. कुठल्या सेनोतेत (गुहेत उतरायच्या तिथल्या नैसर्गिक पाणकुंडात) स्कूटर चालते तेही त्यालाच विचारा, कारण सगळीकडे परवानगी नसते.

अमेरिकेत राहून गाडीने फ्लोरिडाला जाणाऱ्यांनी मात्र स्वतःचीच न्यावी. विमानाचा नियम त्यांच्या वाटेत येतच नाही.

भाड्याने घेणाऱ्यांनी टो-कॉर्ड, म्हणजे स्कूटरला अंगावरच्या पट्ट्यांशी (हार्नेसशी) जोडणारी दोरी, तरी स्वतःची न्यावी. ती तुमच्या हाताच्या लांबीला बेतलेली नसेल तर ओढ हार्नेसऐवजी खांद्यावर येते आणि लांब डाइव्हमध्ये हात भरून येतो.