लूप बँडचा (व्यायामाच्या गोल रबरी पट्ट्यांचा) संच: पावसाळा-हिवाळा काढल्यानंतरचं मत

संचातला हिरवा बँड गेल्या आठवड्यात कडेला चिरला. लॅटेक्सला ऊन आणि तेल सोसत नाही, म्हणून वापरून झाला की पावडर लावून कपाटातच ठेवत होते. तरी कंपनीचं उत्तर आलं, ‘वापरातली हयगय.’ खूप भांडल्यावर नवा दिला, कुरिअरचा खर्च मात्र माझ्याच माथी.

पण चिरलेल्या रबरापेक्षा मला खटकतो तो डब्यातला व्यायामाच्या चित्रांचा तक्ता. पहिलंच चित्र उताणं झोपून, तळव्याला बँड अडकवून सरळ पाय नाकापर्यंत ओढायचं. दुसरं थेट स्प्लिट, म्हणजे पाय पूर्ण फाकवून जमिनीवर बसणं! ताकदीचे व्यायाम मागच्या बाजूला, बारीक अक्षरात. दिवसभर खुर्चीत बसणाऱ्यानं हे पहिल्या चित्रापासून सुरू केलं तर काय होईल? मांडीमागचा स्नायू बुडाच्या हाडाला जिथे चिकटतो, तिथली कंडरा (स्नायूला हाडाशी बांधणारी दोरी) दुखावली तर महिनोन् महिने सतावते आणि ताणत राहिलं तर आणखी चिडते. माझी मुलगी जिम्नॅस्टिक्स शिकते, पहिल्या संध्याकाळी तिनं नेमकं स्प्लिटचं चित्र उघडलं. मी तक्ता उलटा करून भिंतीला लावला.

आमच्या पेठेतल्या तालमीत वस्ताद नव्या पोरांकडून आधी जोर-बैठकाच काढून घेतात. मानेत ताकद आल्याशिवाय डोकं आणि पायांवर अंग तोलायच्या ब्रिजला हात लावू देत नाहीत. इतकी साधी गोष्ट छापील तक्त्यात का नसावी?

आम्ही दोघींनी पाठीवर झोपून कंबर उचलणं, बैठका, आणि बँड पायाखाली धरून कंबरेतून वाकणं एवढंच धरलं. खाली जाताना सावकाश, चार आकडे मोजत. जाड काळा बँड फुकट गेला असंच मी दिवाळीपर्यंत म्हणत होते. आता सगळ्यात जास्त तोच वापरात आहे, कारण ताणलेल्या अवस्थेत वजन पेललं की स्नायूची ताकद वाढते आणि लवचिकताही. वेगळं स्ट्रेचिंग न करता उभ्यानं वाकल्यावर माझ्या हातांचे तळवे जमिनीला टेकायला लागले, याचा आनंद मला अजून आहे. स्नायू काही आठवड्यांत तयार होतो, कंडरेला महिने लागतात, म्हणून लेकीचं स्प्लिट आत्ता कुठे सुरू केलंय. तेही अंग गरम झाल्यावर, दोन्ही हातांखाली ठोकळे ठेवून.

पूर्ण संच घेऊ नका. पिवळा आणि लाल आमच्याकडे अजून घडीसुद्धा मोडलेले नाहीत. खेळाच्या सामानाच्या दुकानात सुटे मिळतात, त्यातला एक मध्यम आणि एक जाड पुरतो.