३६५ चा यूव्ही टॉर्च घेताय? काळी काच सोबतच मागवा

स्वस्तात मिळणारे बहुतेक ‘यूव्ही’ (अतिनील) टॉर्च ३९५ नॅनोमीटर तरंगलांबीचे असतात. बटण दाबलं की भिंतीवर झकास जांभळा झोत पडतो, आणि घोळ नेमका तिथेच होतो. यूव्हीखाली काही खनिजं स्वतःच्या रंगात चमकतात, पण त्या जांभळ्या उजेडात दगडाची ही मंद चमक बुडून जाते. अंगणातला विंचू किंवा गालिच्यावरचे मांजराचे डाग शोधायचे असतील तर ३९५ पुरतो, जास्त पैसे घालवू नका. खनिजं बघायची असतील तर मात्र ३६५ च हवा.

कॉन्व्हॉय एस२+ चं यूव्ही मॉडेल त्यासाठी चांगलं आहे. निचिया कंपनीचा एलईडी, १८६५० मापाचा एक रिचार्जेबल सेल, अ‍ॅल्युमिनियमची बॉडी. पण एलईडी म्हणजे लेझर नव्हे. प्रकाशाचं शिखर ३६५ ला असलं तरी उतार दोन्ही बाजूंना पसरतो, आणि ४०० च्या पुढे गेलेलं शेपूट पांढुरकं दिसतं. ते कापायला झेडडब्ल्यूबी२ ही जवळजवळ काळी काच लागते, व्यास २०.५ मिमी. पुढची रिंग उघडायची, साधी काच काढून ही बसवायची आणि ओ-रिंग (रबरी कडी) होती तशीच परत लावायची. थोडं यूव्हीही या काचेत अडतं, पण अंधार इतका स्वच्छ होतो की सौदा परवडतो.

झेडडब्ल्यूबी३ चुकूनही घेऊ नका. ती २५४ च्या दिव्यांसाठी असते, जांभळा-निळा उजेड तिच्यातून सरळ निसटतो. झेडडब्ल्यूबी२ सुद्धा ७०० च्या आसपास थोडा गडद लाल सोडते. या एलईडीत तो रंगच नसल्यामुळे इथे फरक पडत नाही. आणि ३९५ च्या टॉर्चवर ही काच लावून ३६५ मिळेल या भ्रमात राहू नका: फिल्टर फक्त कापतो. बहुतेक प्रकाश आतच अडेल आणि हातात मिणमिणता दिवा उरेल.

फिल्टर खरा आहे का, हे पांढऱ्या कागदावर तपासू नका. कागद शुभ्र दिसावा म्हणून घातलेलं ब्राइटनर ३९५ च्या टॉर्चखालीही निळं चमकतं. अंधारात अ‍ॅल्युमिनियम फॉइलवर झोत टाका. पांढरट ठिपका दिसला तर फिल्टर गळतोय. मोबाइलच्या फोटोवर विसंबू नका, कॅमेरा स्वतःच्या मनाने निळा रंग भरतो.

उणी बाजू सेलची. या एलईडीला ३.७ व्होल्टच्या आसपास किंवा थोडं जास्तच लागतं आणि आतला साधा ड्रायव्हर (वीज नियंत्रित करणारं सर्किट) व्होल्टेज वाढवून देत नाही. सेल अर्धा उतरला की झोतही उतरतो, म्हणून बाहेर पडताना सेल ४.२ व्होल्टपर्यंत भरलेला असू द्या. आणखी एक: नाशिककडच्या पोवेलाईट या खनिजाची पिवळी चमक खरी खुलते ती २५४ च्या दिव्याखाली, तिथे या टॉर्चकडून फार अपेक्षा नको.

फिल्टर लावल्यावर झोत दिसतच नाही, त्यामुळे बाहुली आकसत नाही आणि डोळ्यांत जास्त यूव्ही शिरतं. पॉलिकार्बोनेटचा यूव्ही रोखणारा गॉगल लावल्याशिवाय वापरू नका. झेडडब्ल्यूबी२ जातीच्या काचेला दमट हवा सोसत नाही, पृष्ठभागावर धुरकट थर येतो. कोकणात पावसाळाभर टॉर्च सिलिका जेलच्या पुडीसोबत डब्यात ठेवा आणि काच पुसायला आयसोप्रोपिल अल्कोहोल वापरा.