‘बट’ आधी की काळ आधी? सांगलीतील एका इंग्रजी लेखनवर्गाचे परीक्षण

सांगलीत इंग्रजीच्या शिकवण्यांना तोटा नाही. बोलण्याचा सराव करून घेणारे वर्ग आहेत, स्पर्धा परीक्षांचे व्याकरण घोटून घेणारेही आहेत. परंतु कामकाजाचे इंग्रजी, म्हणजे पत्र, अहवाल, इतिवृत्त आणि खुलासा लिहायला शिकवणारे वर्ग फार थोडे आहेत. विश्रामबागेत संध्याकाळी भरणारा असा एक वर्ग मी नुकताच पूर्ण केला. वर्गात अभियांत्रिकीचे विद्यार्थी होते, बँकांतील आणि पतसंस्थांतील कर्मचारी होते आणि माझ्यासारखे, मार्केट यार्डातल्या अडत दुकानात पत्रव्यवहार पाहणारेही होते. अभ्यासक्रमाचे इतर भाग नेहमीच्या पठडीतले असल्यामुळे त्यांच्याविषयी येथे लिहीत नाही. विरोध दाखवणारे शब्द आणि काळ व क्रम दाखवणारे शब्द इंग्रजी वाक्यात एकत्र कसे नांदतात, हा भाग मात्र इतक्या बारकाईने शिकवलेला मी अन्यत्र पाहिलेला नाही, आणि केवळ तेवढ्यासाठीही हा वर्ग करण्यासारखा आहे असे माझे मत आहे.

बहुतेक मार्गदर्शकांत या शब्दांच्या दोन वेगळ्या याद्या असतात. एकीत बट, हाउएव्हर, ऑल्दो, येट. दुसरीत फर्स्ट, देन, लेटर, मीनव्हाइल. याद्या पाठ होतात, पण पत्र लिहिताना दोन्हींतला एकेक शब्द शेजारी आला की आधी कोणता ठेवायचा, स्वल्पविराम कोठे द्यायचा आणि क्रियापदाचे रूप कोणते घ्यायचे, याचा उलगडा होत नाही. या वर्गातील मॅडमनी पहिल्याच तासाला ‘बट लेटर’ आणि ‘लेटर, हाउएव्हर’ ही जोडी फळ्यावर लिहिली. ‘बट’ हे उभयान्वयी अव्यय असल्याने ते उपवाक्याच्या तोंडाशीच बसते आणि काळाचा शब्द त्याच्यामागून येतो. ‘हाउएव्हर’ हे क्रियाविशेषण असल्याने काळाच्या शब्दाला पुढे जाऊ देऊन स्वतः मागे राहू शकते. ‘बट बाय मंडे द गोडाउन वॉज एम्प्टी’ आणि ‘बाय मंडे, हाउएव्हर, द गोडाउन वॉज एम्प्टी’ ही दोन्ही वाक्ये शुद्ध आहेत, परंतु दुसऱ्यात विरोधाचा सगळा भार सोमवारवर पडतो. मराठी माणसाला हे समजायला वेळ लागू नये, कारण ‘सोमवारी मात्र गोदाम रिकामे होते’ असे म्हणताना आपणही ‘मात्र’ त्याच जागी ठेवतो. वेळ लागतो तो विरामचिन्हांना. दोन पूर्ण वाक्यांच्या मध्ये ‘हाउएव्हर’ आले तर त्याच्या आधी अर्धविराम किंवा पूर्णविराम हवा, नुसता स्वल्पविराम चालत नाही; आमच्या तुकडीतील बहुतेक वह्यांत लाल शाई येथेच सांडली होती.

सर्वांत चांगला स्वाध्याय पुराचा होता. ऑगस्ट २०१९ चा महापूर वर्गातील बहुतेकांनी डोळ्यांनी पाहिलेला, आणि आयर्विन पुलाजवळची ४० फुटांची इशारा पातळी व ४५ फुटांची धोका पातळी सांगलीकराला समजावून सांगावी लागत नाही. घटनांचा क्रम सर्वांना ठाऊक असल्यामुळे सगळे लक्ष भाषेकडे राहिले. दिलेला मराठी उतारा साधाच होता: ‘सुरुवातीला पाणी हळूहळू चढत होते. लोकांनी सामान वरच्या मजल्यावर हलवायला घेतले, पण तोपर्यंत रस्ता पाण्याखाली गेला होता.’ यातील ‘सुरुवातीला’साठी निम्म्या वर्गाने ‘फर्स्ट’ लिहिले. ‘फर्स्ट’ केवळ क्रम सांगते. ‘ॲट फर्स्ट’ मात्र पुढे चित्र पालटणार असल्याची सूचना देते आणि वाचक त्याच क्षणापासून एखाद्या ‘बट’ची किंवा ‘लेटर’ची वाट पाहू लागतो. म्हणून ‘ॲट फर्स्ट वुई चेक द मॉइश्चर’ असे हळदीच्या खरेदीदाराला लिहिले, तर ओलावा तपासण्याची पद्धत आपण पुढे सोडून दिली की काय, अशी शंका त्याला येऊ शकते. मुद्दे मोजून मांडताना येणारे ‘फर्स्टली’ या दोहोंपेक्षा वेगळे आहे, हेही तेथेच सांगून झाले.

त्याच उताऱ्यातील ‘गेला होता’ या क्रियापदावर जवळजवळ एक संपूर्ण तास खर्च झाला आणि तो सत्कारणी लागला. ‘मी काल यार्डात गेलो होतो’ असे आपण सहज म्हणतो; त्यात दुसऱ्या कोणत्या घटनेच्या आधी गेलो होतो असे काही सुचवायचे नसते. हीच सवय इंग्रजीत उतरली की ‘आय हॅड गॉन टु द यार्ड यस्टरडे’ असे वाक्य तयार होते, जेथे खरे तर ‘आय वेन्ट’ पुरेसे असते. याउलट ‘बट बाय देन’ आले की ‘हॅड गॉन’ हेच रूप शोभते, कारण आता भूतकाळातील एक क्षण ठरलेला असतो आणि त्याच्या आधी काय घडून गेले होते ते सांगायचे असते. विरोधाचा शब्द, काळाचा शब्द आणि क्रियापदाचे रूप या तिघांचा हिशेब एकदमच जुळवावा लागतो, हे मला शाळेत कोणी सांगितले नव्हते.

‘बट देन’ या जोडीलाही असाच भरपूर वेळ मिळाला. ‘बट देन इट रेन्ड’ म्हणजे नंतर पाऊस आला. परंतु ‘द रेट वॉज लो, बट देन, द क्वालिटी वॉज पुअर’ यात नंतर काहीच घडत नाही, भाव कमी होता तसा मालही बेताचाच होता, असा एक तोडीस तोड मुद्दा पुढे येतो. ‘व्हाइल’चेही तसेच आहे. साहेब तासगावला आणि कारकून सांगलीत, असे ‘व्हाइल’ने जोडून लिहिले तर दोघे एकाच वेळी दोन ठिकाणी होते एवढेच सांगायचे आहे की दोघांत फरक दाखवायचा आहे, हे वाक्यावरून ठरत नाही, फरकच दाखवायचा असेल तर ‘व्हेअरॅज’ वापरावे. आपल्या ‘असताना’चा स्वभावही असाच दुहेरी आहे: ‘घरी असताना फोन आला’ यात वेळ आहे, तर ‘हातात पैसे असताना उधारी केली’ यात तक्रार आहे.

व्यापारी पत्रांच्या दृष्टीने ‘येट’ आणि ‘स्टिल’ यांतील भेद मला सर्वांत उपयोगी वाटला. बेदाण्याचे पैसे आले नाहीत हे कळवताना ‘द पेमेंट हॅज नॉट येट अराइव्ह्ड’ हे वाक्य सौम्य आहे. ‘हॅज स्टिल नॉट अराइव्ह्ड’ म्हटले की आवाज चढतो. जुन्या गिऱ्हाइकाला पहिल्याच स्मरणपत्रात दुसरे वाक्य गेले, तर त्याचे मन दुखावण्याची शक्यता आहे.

आता उणिवांकडे वळतो. ‘जरी–तरी’च्या सवयीमुळे आपण ‘ऑल्दो’ आणि ‘बट’ एकाच वाक्यात घालतो आणि तसे करू नये, हे वर्गात सांगितले ते बरोबरच आहे. परंतु ‘ऑल्दो’नंतर ‘येट’ येणेही तितकेच अशुद्ध आहे असे सरसकट शिकवले जाते, ते मला पटले नाही. जुन्या आणि औपचारिक इंग्रजी गद्यात ही जोडी आढळते, त्यामुळे आजच्या पत्रात ती टाळावी एवढेच सांगणे योग्य ठरले असते. दुसरे असे की तासात इतके बारकावे सांगणारा हा वर्ग शेवटी जी छापील टिपणे हाती देतो, त्यांत पुन्हा त्याच दोन याद्या आहेत, ‘बट’समोर ‘हाउएव्हर’ आणि ‘देन’समोर ‘लेटर’, जणू कोणताही शब्द कोणाच्याही जागी बसावा. तासाला गैरहजर राहिलेल्याने या टिपणांवर विसंबू नये. स्वाध्याय दोन-तीन वाक्यांचे असतात, पूर्ण पत्र अगदी शेवटी लिहायला मिळते, आणि तोवर तपासलेल्या वह्या परत येण्यास इतका उशीर होतो की आपण काय चुकलो होतो तेच विसरायला होते. जागा अपुरी आहे, पण स्वच्छ आहे. शुल्क दोन हप्त्यांत घेतात आणि पावती देतात.

ज्यांना मुलाखतीपुरते बोलणे सुधारायचे आहे त्यांना येथे फारसे काही मिळणार नाही. ज्यांच्या सहीने किंवा ज्यांच्या मसुद्यावरून दुकानाची, कार्यालयाची अथवा संस्थेची पत्रे बाहेरगावी जातात, त्यांनी अवश्य नाव नोंदवावे. फक्त पैसे भरण्याआधी वह्या किती दिवसांत तपासून मिळतील हे विचारून घ्यावे आणि पूर्ण पत्राचा सराव लवकर सुरू करण्याचा आग्रह धरावा. आमच्या तुकडीने हा आग्रह धरला तेव्हा मॅडमनी तो मान्य केला होता, पण तोपर्यंत अभ्यासक्रम संपत आला होता.