पॅरिसच्या स्टेशनवर तिकीट काढून देणाऱ्यापासून सावध राहा

रोख 164 युरो, त्यावर गाडीत भरावे लागले ते 138. एकूण 302 युरो, म्हणजे आपले तीस हजारांच्या घरात गेले. लिहायला लाज वाटते, पण आपल्याकडची पुष्कळ जोडपी स्वतःहून तिकडे फिरायला लागली आहेत, म्हणून लिहितोय.

लग्नाला 25 वर्षं झाली म्हणून आम्ही दोघंच गेलो होतो. हिला लवार नदीच्या खोऱ्यातले राजवाडे पाहायचे होते. आंब्वाजच्या किल्ल्यातल्या चॅपेलमध्ये लिओनार्दो दा विंचीची समाधी आहे आणि जवळच शेर नदीवर पुलासारखा बांधलेला शनाँसो. पॅरिसहून आंब्वाजला थेट रेल्वे जाते, साधारण दोन तासांत.

स्टेशनवरच्या मशीनने माझं कार्ड दोनदा नाकारलं. परदेशी वापर बँकेच्या ॲपमध्ये मी पुण्यातूनच सुरू करून निघालो होतो, तेव्हा निष्काळजीपणा केला असं कुणी म्हणू नये. मागे रांग, गाडीला 12 मिनिटं. तेवढ्यात निळं जाकीट घातलेला एक माणूस आला, गळ्यात ओळखपत्र. पुढचं तुम्हाला ठाऊकच आहे: परदेशी कार्ड चालत नाही, माझ्या कार्डाने काढतो, तुम्ही रोख द्या. स्क्रीनवर 164 चा आकडा मी डोळ्यांनी पाहिला. मग तो मध्ये उभा राहिला, भराभर बटणं दाबली आणि दोन तिकिटं हातात ठेवली.

त्याचं ओळखपत्र उलटं होतं, नुसती पांढरी बाजू दिसत होती. मशीनवर इंग्रजीसाठी झेंड्याचं बटण असतं, ते त्याने दाबलं नाही, मलाही दाबू दिलं नाही. आणि सगळ्यात जिव्हारी लागतं ते हे, की हिने तिकीट हातात घेऊन विचारलं होतं, "अहो, यावर आंफां का लिहिलंय? म्हणजे लहान मूल ना?" शाळेत दोन वर्षं फ्रेंच शिकलेली बाई नेमकं बोट ठेवत होती, आणि मी म्हणालो, "असेल काहीतरी, चल, गाडी सुटेल." तिथे दहा सेकंद थांबलो असतो तर तो माणूस अजून समोरच होता.

तिकिटं लहान मुलांची, एकेरी, तीही ओर्लेआँजवळच्या स्टेशनापर्यंतचीच निघाली. तिकीट तपासनीसाने ऐकून घेतलं नाही. नवीन तिकिटं आणि दंड, 138 युरो, तिथल्या तिथे. गंमत नव्हे, संताप म्हणून सांगतो, तेच कार्ड त्याच्या हातातल्या यंत्रावर पहिल्या फटक्यात चाललं!

शनाँसोमध्ये फ्रान्सची राणी कातरिन द मेदिची हिने बांधवून घेतलेलं 60 मीटर लांबीचं दालन आहे, खिडक्यांखालून नदी वाहते. ही गप्प उभी होती. मी आकडेमोड करत होतो. पंचवीस वर्षांनी घडलेल्या प्रवासाची आठवण ही अशी.

संध्याकाळी पॅरिसला परतून पोलिसांकडे गेलो. दोन तास बाकावर बसवलं. मग सांगितलं, पैसे तुम्ही स्वतःच्या हाताने दिलेत, ही चोरी नाही. नुसती नोंद करून घेतली, त्याला तिथे 'मँ कुरांत' म्हणतात. ती तक्रार नव्हे, तिच्यावर तपास होत नाही. तक्रार ती 'प्लँत', आणि ती घेणं पोलिसांना कायद्याने बंधनकारक आहे. हा शब्द पाठ करून जा आणि अडून बसा. स्टेशनवरच्या खिडकीतल्या बाईंनी तो आमचा कर्मचारीच नाही म्हणून हात झटकले. पण तो त्यांच्याच मशीनपाशी उजळ माथ्याने उभा होता, त्याचं काय? बँक म्हणते कार्डावर फसवणुकीचा व्यवहारच नाही. विमा कंपनी एफआयआरची प्रत मागते. सहा ईमेल झाले, उत्तर एकच.

तिकिटं घरूनच रेल्वेच्या अधिकृत ॲपवर काढा. मशीन अडलं तर गाडी चुकू द्या, खिडकीवर जा. रोख कुणाच्याही हातात देऊ नका, मग जाकीट कसलंही असो. आणि बायको काही वाचून दाखवत असेल तर थांबा.

ती दोन्ही तिकिटं मी जपून ठेवली आहेत. जाणाऱ्या कुणालाही फोटो पाठवतो, तो शब्द कुठे छापलेला असतो ते आधी पाहून ठेवा. पहिली तीन अक्षरं ई, एन, एफ.