फ्लोट टँक: विकत मिळणारा तासभराचा एकांत

फ्लोट टँकमध्ये, म्हणजे खारट पाण्यावर तरंगत पडून राहण्याच्या बंदिस्त टाकीत, खऱ्या अर्थाने विकत मिळतो तो तासभराचा एकांत. बाकी सारी सामग्री त्याच्या सोयीसाठी असते. सुमारे २५ सेंटिमीटर खोल पाण्यात शेकडो किलो मॅग्नेशियम सल्फेट (एप्सम मीठ) विरघळवलेले असते आणि पाणी ३४ ते ३५ अंश सेल्सिअसवर, म्हणजे त्वचेच्या तापमानाजवळ, राखलेले असते. त्यामुळे शरीर विनासायास तरंगते आणि थोड्या वेळाने पाणी कुठे संपते नि आपण कुठे सुरू होतो, हेच उमगेनासे होते. सर्वांत उशिरा सैल पडते ती मान, कारण पाणी डोके पेलणार आहे हे बुद्धीला पटले तरी स्नायूंना लवकर पटत नाही.

त्यानंतर उरते स्वतःची सोबत, आणि ती सर्वांना मानवतेच असे नाही. २०१४ साली ‘सायन्स’ या संशोधनपत्रिकेत प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगात १५ मिनिटे नुसते विचार करत बसण्याऐवजी १८ पैकी १२ पुरुषांनी आणि २४ पैकी ६ स्त्रियांनी स्वतःला विजेचा सौम्य झटका देऊन पाहिला होता! टाकीत मला मात्र सुरुवातीची चुळबुळ ओसरल्यावर श्वास संथ झाल्याचे स्पष्ट जाणवले आणि त्या रात्री झोपही गाढ लागली.

ही सेवा देणाऱ्या केंद्राच्या माहितीपत्रकातील दावे मात्र सावधपणे वाचावेत. त्वचेवाटे मॅग्नेशियम शरीरात मुरते, याला भक्कम पुरावा नाही. तासाभराच्या एका सत्राने चिंता कमी झाल्याचे २०१८ सालच्या ज्या अभ्यासात आढळले, त्यात जेमतेम ५० जण होते. त्याच वर्षीच्या दुसऱ्या एका संशोधनात तर साध्या खुर्चीवर पंधरा मिनिटे एकटे बसल्यानेही मनाची खळबळ, सुखद आणि त्रासदायक अशी दोन्ही, शांत होत असल्याचे दिसले. एकटेपण स्वेच्छेने पत्करलेले असेल तर ताणही हलका होतो. लादलेल्या एकाकीपणाने पोळलेल्या व्यक्तीला मी ही टाकी सुचवणार नाही. तिला माणसांची गरज अधिक असते.

सेवेत स्वच्छता चोख होती. कातडीवरच्या बारीक ओरखड्यांना मीठ झोंबू नये म्हणून आधी व्हॅसलीन देण्यात आले, हेही चांगले. खटकली ती अखेरची घाई: केस पुरते वाळण्याआधीच दारावर टकटक झाली आणि बाहेर मोठ्याने लावलेल्या संगीतात अभिप्रायाचा अर्ज हाती ठेवण्यात आला. ज्यांना जायचे असेल त्यांनी दिवसातली शेवटची वेळ मागून घ्यावी, कारण तेव्हा पुढचा ग्राहक ताटकळत नसतो.