कॅव्हन की लेट्रिम? डब्लिनहून तीन दिवस काढून जायचंय तर

आयर्लंडमधल्या या दोन्ही काउंट्या (म्हणजे जिल्हे) एकमेकींना खेटून आहेत, दोन्हीकडे तळीच तळी आणि पाऊस, त्यामुळे फोटो बघून ठरवायला गेलात तर काही ठरणार नाही. पहिला प्रश्न एकच, गाडी आहे का?

नसेल तर सरळ लेट्रिम. डब्लिन-स्लायगो ट्रेन कॅरिक-ऑन-शॅनन या गावाला थांबते, उतरलं की चालत शॅनन नदीवर. कॅव्हनला ट्रेनच नाही, बस शहरापर्यंत नेते पण खरी मजा शहराबाहेर आहे, तिथे गाडीशिवाय हाल होतात.

गाडी असेल तर मात्र मी कॅव्हनच म्हणेन. हिमयुगातल्या बर्फाने मागे टाकलेल्या चिकणमातीच्या बुटक्या टेकड्या, उपड्या वाट्या मांडल्यासारख्या, त्यांना ड्रमलिन म्हणतात, आणि पाणी जिरत नाही म्हणून मधल्या खोलगटात तळी साचलीत. लोक म्हणतात ३६५ आहेत, दिवसाला एक! रस्ता सारखा वळतो, चढतो, उतरतो आणि मध्येच पाणी दिसतं. लॉक ऊटर (इथे लॉक म्हणजे तळं) तर एक तळं वाटतच नाही, पाण्याचा आणि बेटांचा नुसता गुंता, त्यातल्या एका बेटावर क्लॉकऊटरचा गोल बुरूज उभा आहे, इंग्रज सेनानी क्रॉमवेलच्या फौजांपुढे १६५३ मध्ये अगदी शेवटी पडलेल्या ठाण्यांपैकी एक. मला तिथून हलवत नाही. शॅनन नदीचा उगम, शॅनन पॉट, तोही कॅव्हनमध्येच, छोटासा गोल डोह, एवढी मोठी नदी इथून निघते हे खरंच वाटत नाही.

लेट्रिमची खरी ताकद बोट. शॅनन आणि अर्न नद्यांना जोडणारा कालवा, शॅनन-अर्न वॉटरवे, १९९४ मध्ये परत सुरू झाला, ६३ किमी, बोट वर-खाली नेणारे १६ जलपाश, भाड्याची क्रूझर बोट लायसन्सशिवाय स्वतः चालवता येते, चारपाच जणांचा ग्रुप असेल तर हेच करा. माणसं अगदी कमी, २०२२ च्या जनगणनेत पूर्ण काउंटीत ३५ हजारांच्या आसपास, कॅव्हनमध्ये ८१ हजारांवर. शांतता हवी असेल तर हा फरक जाणवतो. ग्लेनकार धबधबा सुंदर आहे पण तो पार उत्तरेला, ट्रेनने गेलात तर धरू नका.

एक महत्त्वाचं, भारतीय पासपोर्टवाल्यांनी नीट वाचा. कल्का डोंगराचा प्रसिद्ध लाकडी जिना आणि मार्बल आर्चच्या गुहा उत्तर आयर्लंडच्या फर्माना काउंटीत येतात, म्हणजे यूकेमध्ये. बॉर्डरवर चौकी दिसत नाही, तरी यूकेचा व्हिसा किंवा आयरिश व्हिसावर BIVS (दोन्ही देशांत चालणारा) शेरा लागतो. नसेल तर ते दोन्ही प्लॅनमधून काढा आणि तो दिवस लॉक ऊटरकाठच्या किलीकीनच्या जंगलात घाला.