ओटीपी कोणालाही न सांगता आईच्या खात्यातून पैसे गेले

मिरजेला एकटी राहणाऱ्या माझ्या आईच्या निवृत्तिवेतनाच्या खात्यातून एका रात्रीत सुमारे 67 हजार रुपयांच्या गिफ्ट व्हाउचरांची खरेदी झाली. तिने ओटीपी कोणाला सांगितला नव्हता, कोणत्याही लिंकवर बोट ठेवले नव्हते, बँकेच्या नावाने कोणाचा फोनही आला नव्हता. तरीही चोराला प्रत्येक ओटीपी वेळेवर मिळाला, कारण तिच्या फोनवर येणारा प्रत्येक संदेश दुसऱ्या एका संगणकाच्या पडद्यावरही दिसत होता. त्या संगणकाची नोंद तिच्याच फोनमध्ये, सहसा कोणी उघडून पाहत नाही अशा एका यादीत होती.

गुगलच्या मेसेजेस अॅपला 2018 पासून ही सोय आहे. संगणकाच्या ब्राउझरवर एक क्यूआर कोड उघडायचा, तो फोनमधील अॅपने स्कॅन करायचा, की फोनवरचे सारे एसएमएस संगणकावर वाचता येतात, त्यांना उत्तर देता येते आणि ते पुसूनही टाकता येतात. संगणकावर लक्षात ठेवण्याची खूण दिली असेल, तर पुढच्या वेळी पुन्हा कोड स्कॅन करावा लागत नाही. सिमकार्डाची गरज नसते, फक्त मूळ फोन चालू आणि इंटरनेटला जोडलेला असला की पुरे. पुण्यात मी आणि नाशिकला दादा, आम्ही दोघांनीही आईच्या संमतीने आपापले लॅपटॉप असे जोडून घेतले होते, म्हणजे गॅसच्या नोंदणीचा, वीजबिलाचा किंवा बँकेचा संदेश तिला चष्मा शोधून वाचून दाखवावा लागू नये.

तिसरी जोडणी कोणी केली, याचा तपास पोलीस करीत आहेत, त्यामुळे कोणाचे नाव घेणे योग्य नाही. घटनाक्रम मात्र असा आहे. आईच्या जुन्या फोनचा डिस्प्ले गेला, म्हणून तिने गावातल्या एका दुकानातून नवा फोन घेतला. जुन्यातले फोटो व नंबर नव्यात टाकून देण्यासाठी दोन्ही फोन दुकानात ठेवून घेण्यात आले, आणि असे करताना लॉकचा पॅटर्न विचारला जातोच, तसा तो विचारला गेला. फोन तिच्या नजरेआड आणि उघड्या स्थितीत राहिला तो तेवढाच वेळ. आईच्या गॅलरीत डेबिट कार्डाचे दोन्ही बाजूंचे फोटो होते. कार्डावरचे बारीक आकडे तिला वाचता येत नाहीत, म्हणून ती फोटो काढून पडद्यावर दोन बोटांनी मोठे करून वाचत असे. कार्डाचा क्रमांक, मुदत आणि मागचे तीन अंक अशा रीतीने एका जागी आयते उपलब्ध होते. उरला होता ओटीपी, आणि त्याची सोय त्या क्यूआर कोडने झाली.

त्यानंतर काही आठवडे काहीच घडले नाही. जोडणी करणारा आईचे संदेश वाचत बसला असावा, कारण निवृत्तिवेतन जमा झाल्याचा संदेश शुक्रवारी आला आणि त्याच रात्री एकनंतर खरेदी सुरू झाली. आई वाय-फाय चालू ठेवून फोन चार्जिंगला लावून झोपते. सकाळी तिच्या फोनवर ना ओटीपी होते, ना पैसे वजा झाल्याचे संदेश. दुसरीकडून वाचून ते पुसून टाकलेले होते. मंगळवारी ती पासबुक छापायला गेली, तेव्हा यंत्रातून निघालेल्या पानावर एकाखाली एक वजावटीच्या नोंदी दिसल्या आणि शिल्लक हजाराच्या आत आलेली होती.

एक खूण मात्र आधीपासून दिसत होती, आणि असे संदेश जोडून घेणाऱ्या प्रत्येक कुटुंबाने ती ओळखावी. क्यूआर कोडने केलेल्या जोडण्या कितीही असल्या, तरी एका वेळी एकाच संगणकावर संदेश चालतात. दुसरीकडे कोणी ते उघडले, की आपल्याकडचे पान थांबते आणि 'इथे वापरायचे का' असे विचारते. माझ्या लॅपटॉपवर हे अधूनमधून येई तेव्हा दादा पाहत असेल असे मला वाटे, आणि त्याच्याकडे आले की त्याला माझी शंका येई. आईच्या फोनवरही वेबवर संदेश चालू असल्याची सूचना झळकत असे. पण तशी सूचना आमच्या दोघांमुळेही येत असल्याने ती तिच्या ओळखीची झाली होती.

फसवणूक कळल्यावर पहिली इच्छा होते ती सगळ्या जोडण्या तोडून टाकण्याची. तसे लगेच करू नये. आधी मेसेजेस अॅपमध्ये वरच्या कोपऱ्यातील खात्याच्या चित्रावर बोट ठेवून 'डिव्हाइस पेअरिंग' उघडावे आणि त्या यादीचा स्क्रीनशॉट घ्यावा. किंबहुना दुसऱ्या फोनने त्या पडद्याचा फोटोही काढावा. आमच्या यादीत माझा फायरफॉक्स ब्राउझर, दादाचा एज आणि आमच्यापैकी कोणाचाच नसलेला विंडोजवरील क्रोम अशा नोंदी होत्या, आणि त्या क्रोमचा शेवटचा वापर त्याच रात्रीचा होता. जोडणी तोडली की ती नोंद यादीतून जाते आणि हातातला एकमेव पुरावा आपणच पुसल्यासारखे होते. फोटो घेतल्यानंतर मात्र क्षणभरही न थांबता सगळ्या जोडण्या तोडाव्यात, कार्ड बंद करावे आणि 1930 या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइन क्रमांकावर तक्रार नोंदवावी. आमची तक्रार त्याच दुपारी गेल्यामुळे न वापरलेले एक व्हाउचर गोठवता आले.

बँकेत आम्हाला मिळालेला पहिला सल्ला एटीएमचा पिन बदलण्याचा होता. या व्यवहारांत पिन कुठेच लागलेला नव्हता. नंतर उत्तर आले की ओटीपी बरोबर भरला गेला आहे, म्हणजे तो ग्राहकानेच दिला असणार, सबब जबाबदारी ग्राहकाची. 'बरोबर भरला' यावरून 'ग्राहकाने दिला' हे सिद्ध होत नाही, एवढे साधे तर्कशास्त्र समजावण्यात आमची सर्वाधिक शक्ती खर्च झाली. रिझर्व्ह बँकेच्या 6 जुलै 2017 च्या परिपत्रकानुसार ग्राहकाची जबाबदारी सिद्ध करण्याचा भार बँकेवर आहे. चूक ग्राहकाची वा बँकेची नसून तिसऱ्याच ठिकाणी असेल आणि बँकेचा संदेश मिळाल्यापासून तीन कामकाजाच्या दिवसांत तक्रार केली असेल, तर ग्राहकाचे दायित्व शून्य धरले आहे. हे दिवस मोजताना संदेश मिळाल्याचा दिवस धरला जात नाही. म्हणून तक्रार तोंडी करून परत येऊ नये. तारीख आणि वेळ असलेली पोच घ्यावी आणि यादीचा फोटो तक्रारीलाच जोडावा.

आयफोनमध्ये हीच सोय संदेशांच्या सेटिंग्जमध्ये 'टेक्स्ट मेसेज फॉरवर्डिंग' या नावाने असते, विंडोजवर 'फोन लिंक' असते आणि व्हॉट्सअॅपवर जोडलेल्या उपकरणांची स्वतंत्र यादी असते. गुगलच्या अॅपमध्ये आता क्यूआर कोडऐवजी गुगल खात्यानेही जोडणी करता येते, त्यामुळे त्या खात्यात कोणकोणती उपकरणे नोंदलेली आहेत हेही पाहावे लागते. दुरुस्तीहून किंवा दुकानातून फोन परत घेताना, काउंटरवर उभे असतानाच, या याद्या उघडून पाहाव्यात. दुकानदाराला ते आवडणार नाही, पण त्याला फारसा अर्थ नाही. आमच्या प्रकरणातील दुकानमालकाने, तेव्हा फोन हाताळणारा दुकानातला मुलगा काम सोडून गेला, असे सांगून हात वर केले आहेत.

आई आता माझ्या लॅपटॉपखेरीज कोणतीही जोडणी ठेवत नाही आणि दर रविवारी फोनवर मला ती यादी वाचून दाखवते. बँकेने 30 दिवसांत समाधानकारक उत्तर न दिल्यामुळे आम्ही रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे तक्रार केली आहे. गोठवलेल्या व्हाउचरची रक्कम खात्यात परत आली आहे, उरलेल्या रकमेवरील निर्णय अजून व्हायचा आहे.